डोळ्याला काय झालं?

दुसऱ्या शनिवारची दुपार होती. जेवणे आटोपून नवरा आडवा झाला होता, मुलगा शेजारी खेळायला गेला होता आणि मी बाथरूमच्या आरशासमोर श्वास रोखून उजव्या पापणीवर मोरपंखी रंगाची रेघ ओढत होते. उजवा डोळा कसाबसा जमला. आता डावा, असे म्हणून ब्रश उचलला, तोच दाराची बेल वाजली. दारात गॅस सिलिंडरवाला उभा! त्याने पावती पुढे केली, माझ्याकडे पाहिले, पुन्हा एकदा पाहिले आणि मोठ्या काळजीने विचारले, ''ताई, डोळ्याला काय झालं? मार लागला का?''

''काही नाही हो, रंग आहे,'' असे म्हणून मी घाईघाईने सही केली. दार लावल्यावर मला एकटीलाच हसू फुटले. पण हसता हसता स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसले आणि हसू कुठल्या कुठे गेले. कारण 'डोळ्याला काय झालं?' हा प्रश्न मला नवा नव्हता. कळायला लागल्यापासून मी तो ऐकत आले होते. फरक इतकाच, की तेव्हा लोक माझ्या डाव्या डोळ्याबद्दल विचारायचे.

आजीचा निकाल

मी दोन वर्षांची असताना माझा डावा डोळा नाकाकडे वळू लागला. चौथ्या वर्षी जाड भिंगांचा चष्मा लागला आणि उजव्या, म्हणजे चांगल्या डोळ्यावर पट्टी आली. आळशी डोळ्याला कामाला लावायचे, तर कामसू डोळा झाकावा लागतो, हे शास्त्र आता मला ठाऊक आहे. तेव्हा मात्र एवढेच समजत होते, की बालवाडीत कोणी माझ्याशेजारी बसत नाही. पहिलीत 'चकणी' हे नाव पडले. सहाव्या वर्षी शस्त्रक्रिया झाली आणि डोळा बराचसा सरळ झाला. आजही फार दमले किंवा अंगात ताप असला, की तो किंचित आत सरकतो. जवळच्या माणसांखेरीज ते कोणाच्या लक्षात येत नाही.

आमच्या नाशिकच्या घरी आजी स्वतः काजळ धरायची. तुपाच्या दिव्यावर तांब्याची ताटली पालथी घालायची, तिच्यावर जमलेली काजळी अलगद खरवडायची आणि साजूक तुपात खलून चांदीच्या छोट्या डबीत भरून ठेवायची. तान्ह्या मुलाच्या डोळ्यात काजळ आणि गालावर तीट, हा घरचा नेम होता. मला काजळ घालायचे काम आईचे.

माझा डोळा वळलेला दिसला, तेव्हा आजीने एका वाक्यात निकाल दिला, ''काजळ घालताना हिच्या आईचं बोट लागलं.''

आजी काही दुष्ट नव्हती. माझ्या पट्टीवर फुलाचे चित्र काढून द्यायची तीच. पण माणसाला कारण लागते आणि हाताशी असलेले कारण सर्वांत लवकर सापडते. ते वाक्य आत्याकडे गेले, काकूंकडे गेले, शेजारच्या वाड्यात गेले. हळदीकुंकवाला आलेल्या बायका माझ्याकडे पाहायच्या आणि मग आईकडे. आईने कधी कोणाला उलट उत्तर दिले नाही. एके दिवशी काजळाची डबी फडताळातून नाहीशी झाली, एवढेच.

आईच्या लग्नाच्या फोटोत तिचे डोळे मोठे, काळेभोर आणि काजळाने रेखलेले आहेत. त्यानंतरच्या अल्बममध्ये तसे डोळे मला कुठेच सापडत नाहीत. माझे डोळे तर तिने जपलेच. पण जपणे म्हणजे लपवणे, हे मीही तिच्याकडूनच शिकले. ''डोळ्यांना काही लावू नकोस गं, लोकांचं लक्ष जातं,'' हे तिचे पालुपद. कॉलेजच्या स्नेहसंमेलनात मैत्रिणी एकमेकींना आयलायनर लावायच्या, तेव्हा मी त्यांच्या साड्यांना पिना लावत बसायचे. लग्नासाठी फोटो काढायची वेळ आली, तेव्हा फोटोग्राफरला आईने हळूच सांगितले, ''उजव्या बाजूने काढा.'' माझ्याकडे लिपस्टिक होत्या, टिकल्यांची पाकिटे होती, कानातली तर विचारूच नका. पण वयाच्या ३६व्या वर्षापर्यंत डोळ्यांना लावायची एकही वस्तू घरात नव्हती.

संपादकबाईंचा आदेश

गंमत म्हणजे माझ्या साप्ताहिकात सणासुदीच्या मेकअपवर दरवर्षी मीच लिहीत आले. पार्लरवाल्यांशी बोलायचे, टिपणे काढायची, लेख तयार! या वर्षी आमच्या संपादकबाईंनी कागद वाचून बाजूला ठेवला आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले, ''रंगीत आयलायनर कसं लावायचं हे तू इतकं बारकाईनं लिहिलंयस. स्वतः कधी लावलंयस का?''

मी गप्प. पत्रकारितेच्या पदविकेच्या पहिल्याच आठवड्यात आमच्या सरांनी बजावले होते, की जे पाहिले नाही ते पाहिल्यासारखे लिहू नका. ''आठ दिवस लावून बघ आणि मग लिही,'' असे म्हणून बाईंनी लेख परत दिला. खरे कारण सांगायला माझी जीभ रेटली नाही.

त्याच संध्याकाळी ठाण्याच्या बाजारातून मी गडद निळी, बाटलीसारखी हिरवी, जांभळी आणि फिकट आकाशी अशा चार पेन्सिली आणि मोरपंखी रंगाची एक पातळ आयलायनरची बाटली घेतली. दुकानातल्या मुलीने ''भेट द्यायचंय का?'' असे विचारले, तर मी चक्क ''हो'' म्हणाले!

पहिल्या दिवशी आकाशी रंग लावला. माझ्या सावळ्या पापणीवर तो आकाशी न दिसता राख फासल्यासारखा दिसला. दुसऱ्या दिवशी जांभळी पेन्सिल दुपारपर्यंत डोळ्याखाली उतरली आणि ऑफिसमधल्या सहकाऱ्याने ''रात्रभर जागलात का?'' असे विचारले. तिसऱ्या दिवशी मी आमच्या कॉलनीतल्या पार्लरच्या ताईंना शरण गेले.

त्यांनी माझ्या पेन्सिली टेबलावर ओळीने मांडल्या. ''आपल्या रंगाला फिके रंग उघडे लावायचे नाहीत. आधी पापणीवर त्वचेच्या रंगाचा हलका थर किंवा पांढऱ्या पेन्सिलीची बारीक रेघ द्यायची, मग त्यावर आकाशी उठून दिसतो. गडद निळा, हिरवा, जांभळा, तांब्याचा रंग हे मात्र सावळ्या रंगावर आणि काळ्या-तपकिरी डोळ्यांवर असेच खुलतात.'' मग त्यांनी रेघ शिकवली. कोपर टेबलावर टेकवायचे म्हणजे हात हलत नाही. सलग रेघ एकदम ओढायची नाही. पापणीच्या केसांच्या मुळाशी तीन-चार छोट्या रेघा देऊन त्या जोडायच्या. डोळ्याबाहेर शेपूट काढायचे असेल, तर खालच्या पापणीची कड जिथे संपते तिथून भुवईच्या टोकाकडे मनातल्या मनात एक रेघ धरायची आणि शेपूट त्याच वाटेने न्यायचे. चुकले तर पुसून नव्याने सुरुवात न करता कापसाच्या काडीने तेवढीच चूक टिपायची.

मी डाव्या डोळ्याबद्दल चाचरत सांगितले. ताईंना त्याचे काही विशेष वाटले नाही. ''दोन्ही डोळे तंतोतंत सारखे असलेली बाई मी अजून पाहिलेली नाही. हा डोळा आत ओढतो ना? मग इथे नाकाकडच्या कोपऱ्यात रंग नको. रेघ मधूनच सुरू करायची आणि बाहेर जाड करत न्यायची. बघणाऱ्याची नजर आपोआप बाहेर जाते.'' एवढे सोपे होते तर! ज्या गोष्टीसाठी मी आयुष्यभर मान वळवून फोटो काढले, तिच्यावर पार्लरच्या ताईंकडे दोन मिनिटांचा उपाय होता.

चष्म्याची अडचण वेगळीच. माझा नंबर प्लसचा. या भिंगांतून डोळे मोठे दिसतात आणि त्यांच्यावरची चूकही मोठी दिसते. चष्मा काढला की मला रेघ दिसत नाही आणि घातला की ब्रश आत जात नाही! शेवटी वस्तू मोठी दाखवणारा छोटा आरसा आणला आणि निभावून नेले.

'आई, तू कथकली का?'

पाचव्या दिवशी मी हिरवा रंग पापणीभर पसरून बाहेर लांब काळे शेपूट काढले. मुलगा शाळेतून आला, दप्तर खाली टाकले आणि म्हणाला, ''आई, तू कथकली करणार का?'' त्यांना वर्गात भारतातली नृत्ये शिकवली होती.

मग त्याला कथकलीची माहिती सांगता सांगता मीच त्यात रमले. केरळच्या या नाट्यात सज्जन, वीर नायकांचा चेहरा हिरवा रंगवतात, त्या वेषाला 'पच्चा' म्हणतात. डोळे काजळाने लांब रेखतात आणि चुंडप्पूव नावाच्या फुलातले बीसारखे कण खालच्या पापणीत ठेवून डोळ्यांचा पांढरा भाग लाल करतात. रात्रभर चालणारा खेळ, समोर तेलाची मोठी समई. लांब बसलेल्या माणसालाही डोळ्यांतला राग आणि प्रेम कळले पाहिजे, म्हणून हा खटाटोप. प्राचीन इजिप्तमध्ये स्त्रियाच काय, पुरुषही मॅलाकाइट या तांब्याच्या हिरव्या खनिजाची पूड डोळ्यांभोवती लावत. एलिझाबेथ टेलरचा 'क्लिओपात्रा' १९६३ साली आला आणि निळ्या रंगाने भरलेल्या तिच्या पापण्या जगभर गाजल्या. आपल्याकडे १९६७च्या 'ॲन इव्हनिंग इन पॅरिस'मधले शर्मिला टागोरचे लांब रेखलेले डोळे आईच्या पिढीला आजही आठवतात. आणि हेलनच्या रंगीत पापण्यांशिवाय त्या काळातले क्लबमधले गाणे डोळ्यांपुढे येतच नाही.

मुलगा केव्हाच खेळायला पळाला होता. मी मात्र आरशासमोर विचार करत राहिले. नट असो की राणी, डोळे रंगवणाऱ्या प्रत्येकाची एकच इच्छा, की आपले डोळे दिसावेत. आणि मी ३६ वर्षे एकच काळजी वाहिली, की माझे दिसू नयेत.

डॉक्टरांचा धडा

सहाव्या दिवशी माझा उत्साह नको तितका वाढला. हस्तकलेच्या सामानातली हिरवी चमकी पापणीवर लावली. लोकलमध्ये शिरेपर्यंत तिचा एक कण डोळ्यात गेला होता आणि दादर येईस्तोवर डोळा लाल होऊन घळाघळा वाहू लागला. तिथून थेट नेत्रतज्ज्ञांकडे!

डॉक्टरबाईंनी कण काढला, थेंब दिले आणि चांगली खरडपट्टी काढली. त्यातले जे कामाचे, ते तुम्हालाही सांगते. हस्तकलेची चमकी डोळ्यांजवळ कधीच लावू नये, तिच्या कडांनी बुबुळावर ओरखडा पडू शकतो. पापणीच्या आतल्या कडेवर तेलग्रंथींची तोंडे असतात. तिथे रोज पेन्सिल फिरवली तर ती बंद होऊन डोळे कोरडे पडतात, चुरचुरतात. म्हणून रंग केसांच्या बाहेरच्या बाजूला बरा. पातळ आयलायनर आणि मस्कारा उघडल्यावर तीन ते सहा महिन्यांत टाकून द्यावा, मग तो कितीही महाग असो. आपली पेन्सिल बहिणीलाही देऊ नये. कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल, तर आधी लेन्स घालावी आणि मग मेकअप करावा. चालत्या गाडीत ब्रश डोळ्याजवळ नेऊ नये. रात्री रंग काढल्याशिवाय झोपू नये. काढतानाही चोळू नये, मेकअप काढायचे द्रव्य कापसावर घेऊन तो मिटलेल्या पापणीवर थोडा वेळ ठेवावा आणि अलगद पुसावे. लेडीज डब्यात विकायला येणाऱ्या, ना उत्पादकाचे नाव ना मुदतीची तारीख अशा पेन्सिलींच्या वाटेला जाऊ नये. सौंदर्यप्रसाधनांत रंगासाठी शिशाची किंवा आर्सेनिकची संयुगे वापरायला आपल्या देशात कायद्याने मनाई आहे. पण ज्या वस्तूवर नावच नाही तिच्यात काय आहे, हे कोणाला विचारणार?

मी उठले, दारापर्यंत गेले आणि परत आले. ''डॉक्टर, एक विचारू? लहान बाळाला काजळ घालताना बोट लागलं, तर डोळा तिरळा होतो का?''

त्यांनी माझा चष्मा हातात घेऊन भिंगे पाहिली. ''तुमचाच का? किती वर्षांच्या असताना वळला?''

''दोन.''

''बोट लागलं तर डोळा लाल होईल, ओरखडा पडेल. तिरळा होत नाही. तुमचा प्लस नंबर मोठा आहे. असं मूल स्पष्ट दिसावं म्हणून डोळ्यांवर ताण देतं आणि त्या ताणानं डोळा आत वळतो. साधारण दोन-तीन वर्षांच्या वयात ते दिसायला लागतं. पुष्कळदा ते घराण्यातही असतं. तुमच्याकडे कोणाला होतं?''

आणि मला नाशिकच्या बैठकीच्या खोलीतला फोटो आठवला. आजीचे भाऊ, म्हणजे वडिलांचे मामा. काळी टोपी, भरघोस मिशा आणि नाकाकडे वळलेला डावा डोळा. त्या फोटोखाली बसून आजीने तो निकाल दिला होता.

''पण म्हणून बाळाला काजळ घालू नका हं,'' डॉक्टर पाठीमागून म्हणाल्या. ''बोटावरचे जंतू डोळ्यात जातात, अश्रूंची नळी तुंबते. आणि जुन्या पद्धतीचा सुरमा तर बऱ्याचदा शिशाच्या खनिजाचा असतो. शिसं मुलांच्या मेंदूला घातक.'' म्हणजे काजळ निर्दोष नव्हते. पण ज्या गुन्ह्यासाठी आईला शिक्षा झाली, तो मात्र तिने केलेला नव्हता.

नाशिकचे लग्न

फोनवर सांगण्यासारखी ही गोष्ट नव्हती. महिन्याभराने चुलतबहिणीचे लग्न होते. मी मोरपंखी काठांची पैठणी नेसले आणि त्याच रंगाची रेघ दोन्ही डोळ्यांना लावली. डाव्याला मधूनच सुरू करून बाहेर जाड केलेली.

कार्यालयात पाऊल टाकले आणि आत्याने गाठलेच. ''अगं, डोळ्यांना काय लावलंयस हे? सगळं लक्ष तिकडेच जातंय!''

''आत्या, म्हणूनच लावलंय.''

आत्या हसली. पण मागे उभ्या असलेल्या आईचा चेहरा उतरला. माझ्या लहानपणी बायका तिच्याकडे पाहायच्या तेव्हा उतरायचा, तसाच. जेवणाची पहिली पंगत बसली, तेव्हा मी तिला वधूपक्षाच्या खोलीत नेले आणि दार लोटले.

मी सगळे सांगितले. प्लसचा नंबर, डोळ्यांवरचा ताण, घराण्यातून येणारा दोष. आई ऐकत होती आणि पलंगावर पडलेल्या कोणाच्या तरी साडीची घडी घालत होती. घडी घालून झाली, तरी तिचा हात साडीवरून फिरत राहिला.

''डॉक्टर असं म्हणाले?''

''हो. मी स्वतः विचारलं.''

''तेव्हा डॉक्टरांकडे तुझे बाबा आत जायचे. मी बाहेर पिशवी धरून बसायचे. मला कोणी आत बोलावलं नाही आणि मीही गेले नाही. वाटायचं, त्यांनीही तेच सांगितलं तर?''

''आई, बाबांच्या मामांचा फोटो आठवतो?''

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ''लग्न झाल्यापासून त्या फोटोला दर दसऱ्याला हार घालतेय. पण पुरुषाच्या डोळ्याकडे कोण बघतं गं?''

ती रडली नाही. तिने फक्त स्वतःशी हिशेब केल्यासारखे म्हटले, ''चौतीस वर्षं.'' बाहेर सनई वाजत होती, कोणीतरी आईला हाक मारत होते. ती उठली, दारापर्यंत गेली आणि वळून माझ्याकडे पाहत राहिली.

''काय झालं?'' मी विचारले.

''डाव्या डोळ्याची रेघ फिसकटलीय. घामानं असेल. इकडे ये.''

मी तिच्यासमोर उभी राहिले. तिने पदराला हात पुसले, माझी हनुवटी धरली आणि करंगळी डोळ्याजवळ आणली. ती थबकली. बोट थरथरत होते. मी डोळे मिटून घेतले. मग पापणीच्या कडेवरून तिची करंगळी सावकाश, अगदी सावकाश बाहेर सरकली.

''झालं. आता बघ.''

मी आरशात पाहिले. रेघ जराशी वाकडीच झाली होती. दिवसभर मी ती तशीच ठेवली आणि फोटोग्राफर आला, तेव्हा त्याच्याकडे सरळ तोंड करून उभी राहिले.